न कापलेल्या अंगठ्याची गोष्ट

इटालियन गिऱ्हाईक सांभाळायला सोपं. येतं, मोठमोठ्यानं बोलतं, जेवतं, आणखी मोठ्यानं बोलतं आणि जातं. अवघड असतं सातारचं.

मस्कतला अल् खुवैरमध्ये एका इटालियन कुटुंबाच्या रेस्टॉरंटात मी एकोणीस वर्षं पास्ता केला. केला म्हणजे शिजवला नाही, हातानं वळला. शिजवण्याचं खातं मालकाचं, म्हणजे पिनोचं. त्याची बायको रोझाना बाहेर टेबलं सांभाळायची, आणि त्यांची मुलगी लुचिया शाळा सुटली की कोपऱ्यातल्या टेबलावर गृहपाठ करत बसायची. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक काचेची खोली होती. त्या खोलीत मी, लाकडाचा मोठा पाट आणि रव्याची कणीक. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसत असे. प्राणिसंग्रहालयात असते तशी व्यवस्था, फक्त मला शेंगदाणे टाकायला मनाई होती.

तर सातारकर. दुबईच्या सहलीला मस्कत जोडून आलेला बावीस जणांचा ग्रुप होता. काचेतून मला पाहून बायका आधीच खूश झालेल्या. जेवण वाढलं आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्यातले एक काका ताट घेऊन थेट माझ्या खोलीच्या दारात.

"ताई, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून सांगतो. हे शिजायचं राहिलंय."

आता खरं म्हणजे ते उत्तम शिजलं होतं. इटालियन माणसाला पास्ता दाताखाली किंचित लागायला हवा असतो. आपल्याकडे दाताखाली काही लागलं की आधी सुनेकडे बघतात. मी ताट घेऊन आत गेले. आमच्या स्वयंपाकघरातली भाषा हिंदी, म्हणजे जिला हिंदी म्हणायचं असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं ती.

"पिनो, और चार मिनट."

"चार मिनट में पास्ता मर जाएगा, शालू!"

"मरने दो. उनको मरा हुआ ही मंगता है."

पिनोनं छातीवर क्रूस काढला आणि बावीस ताटांचा पास्ता मारला. काकांनी वरून लिंबू पिळलं, कुणाच्या तरी पिशवीतून लसणाची चटणी निघाली, आणि ताटं अशी चाटूनपुसून परत आली की पिनोला रागावायलाही जागा उरली नाही. तेव्हापासून आमच्याकडे ऑर्डरच्या कागदावर एक नवी खूण सुरू झाली: 'एस'. एस म्हणजे सातारा. पुढे पंजाब्यांना, गुजरात्यांना, एकदा तर एका रशियन आजीबाईंनाही आम्ही सातारा वाढला.

खाणारा कसा असावा म्हणाल, तर मत्रहच्या बाजारातले एक ओमानी गृहस्थ. दर गुरुवारी दुपारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन यायचे. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, आणि जेवण उजव्या हातानं. काटा-चमचा बाजूला सारून पाच बोटांनी पास्ता असा उचलायचे की टोमॅटोच्या रसाचा एक थेंब मनगटाकडे वळायचा नाही. पिनो स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचा. एकदा म्हणाला, "हाथ का चीज़ हाथ से." एवढं शहाणपणाचं वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी एकोणीस वर्षांत दुसरं ऐकलं नाही.

आता या धंद्यात मी शिरले कशी, ते सांगते. त्यात माझी शोभा आहे, पण या वयात शोभेला कोण घाबरतं.

आमचे हे रुसैलच्या एका कारखान्यात वेल्डिंगचे फोरमन. लग्नाच्या वाढदिवसाला म्हणाले, चल, आज काहीतरी वेगळं खाऊ. मी जरीची साडी नेसून, चापूनचोपून, अल् खुवैरच्या त्या रेस्टॉरंटात जाऊन बसले. काचेपलीकडे रोझाना पास्ता वळत होती. त्यांच्या, नकाशातल्या बुटासारख्या इटलीच्या टाचेकडच्या गावात रवा आणि पाण्याची कणीक मळतात, तिची बोटाएवढी वळी करतात, वळीचा तुकडा सुरीनं पाटावर ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. छोट्या कानासारखी वाटी होते. त्याला ते 'कान'च म्हणतात.

तेव्हाची मी म्हणजे मॅट्रिकला फर्स्ट क्लास मिळवलेली आणि तो कपाळावर लावून हिंडणारी बाई. सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "अगं बाई! हे तर नखुले! आणि केवढे जाडे करतेय ही!"

ज्यांच्या लग्नाघरात गव्हले-नखुले झाले नसतील त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे चिपळूण भागात लग्नाच्या आधी घरातल्या बायका रव्याच्या कणकेचे बारीक दाणे वळतात. गव्हासारखा तो गव्हला, नखानं दाबून केलेला तो नखुला. मग त्यांची खीर. माझ्या तिन्ही मोठ्या बहिणींच्या लग्नात मला तासन्‌तास गव्हले वळायला बसवलं होतं, आणि तिन्ही वेळा मी मनातल्या मनात तिन्ही नवरदेवांना शिव्या घातल्या होत्या.

यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. उशीर झाला होता. रोझाना हात पुसत बाहेर आली, "मैडम, क्या बोला?" मी काय बोलणार! बोटानं खूण केली, मला देऊन बघ. तिनं दिलं. साडीचा पदर खोचून मी काचेच्या खोलीत उभी राहिले आणि पंधरा मिनिटांत परातीचा तळ झाकला. रोझानानं एक कान उचलला, दिव्यासमोर धरला, आणि नवऱ्याला हाक मारली. वाढदिवसाचं जेवण हे एकटेच जेवले. घरी जाताना गाडीत एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी मी मित्राला घेऊन येईन."

आठवड्यानं मी कामावर रुजू झाले.

कामाचं म्हणाल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि सांगून येण्यासारखंही काही नाही. रवा बारीक हवा, पाणी कोमट. कणीक कडबोळ्याच्या पिठाहून घट्ट, आणि ती मळताना मनगट नाही, खांदा वापरायचा. मस्कतचा खरा शत्रू ऊन नव्हे, एसी. तो कणकेचं पाणी असं ओढतो की दहा मिनिटांत तिला भेगा पडतात, म्हणून वर सतत ओलं फडकं. आणि सगळ्यात महत्त्वाचा अंगठा. कान अंगठ्यावर उलटतो. अंगठा जायबंदी तर धंदा बंद. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जो दिवा लावला तो याच अंगठ्यावर.

मी तिथं सहा वर्षं काढली असतील, तेव्हा हे गेले. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये बसले आणि तिथंच. मुलगी मेधा पुण्याला कॉलेजात. माझा व्हिसा रेस्टॉरंटचा होता म्हणून मला मस्कतला राहता आलं, आणि राहिले ते बरंच झालं. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी काचेच्या खोलीत होते. कणीक माणसाला रिकामं बसू देत नाही.

तीन महिन्यांनी लुचियाचं लग्न निघालं. गृहपाठ करणारी ती पोरगी आता चोवीस वर्षांची. शुक्रवारी चर्चमध्ये लग्न आणि मग रेस्टॉरंटातच जेवण. इटलीहून चाळीस पाहुणे विमानानं येणार, इथले ऐंशी. रोझाना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "शालू, शादी का पास्ता पूरा तू बनाएगा. बारह किलो. मेरा लड़की का शादी, तेरा हाथ."

मी हसून मान डोलावली आणि तिथंच अडकले.

कारण आमच्याकडे लग्नाचे पहिले गव्हले सवाष्णींनी वळायचे. पाच सवाष्णी, मुहूर्त बघून. नवरा गेलेली बाई त्या पाटाजवळ फिरकत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं; भूक लागली की जेवायचं हे तरी कुठे कुणी शिकवतं. मी काही रोजचं काम टाकत नव्हते. गिऱ्हाइकांचा पास्ता वळायला मला काहीच वाटत नव्हतं. पण हा लग्नाचा. आणि ती पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिचं काही वाईट झालं तर? फर्स्ट क्लासवाली बाई रात्रंदिवस एवढाच विचार करत होती.

रोझानाला हे सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती 'कुछ नहीं होता', आणि मी नाही म्हणू शकले नसते. म्हणून मी डोकं चालवलं. बुधवारी सकाळी घरीच अंगठ्याला हळद थापली, त्यावर पांढरी पट्टी बांधली, आणि शेजारच्या झुबेदाभाभीचं दार वाजवलं.

झुबेदाभाभी रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं मत्रहला कापडाचं दुकान. ईदला ती हातानं शेवया वळायची, तेव्हा बोटांना सवय होती. आणि मुख्य म्हणजे नवरा धडधाकट.

"काय गो शालू, अंगठ्याला काय केलंस?"

"कापला. भाभी, दोन दिवस माझ्याऐवजी चल. लग्नाचं काम आहे, अडलंय."

"चल बाय, अडल्याला नाही कोण म्हणेल."

म्हणजे बघा. कॅथलिक मुलीच्या लग्नाला अपशकुन नको म्हणून एका हिंदू विधवेनं मुसलमान सवाष्ण शोधून आणली. पाच नाही मिळाल्या, एकीवर भागवलं. पंचांग बघायचं तेवढं राहिलं होतं.

झुबेदाभाभीनं जीव तोडून काम केलं. पण शेवई वेगळी आणि कान वेगळा. पाटावर एक कान हत्तीचा, तर दुसरा उंदराचा. मी बाजूला उभी राहून तोंडानं शिकवत होते: जरा ओढ, आता उलट, अगं दाबू नकोस. तोंडानं शिकवून जर कान झाले असते तर सगळ्या सासवांचे कारखाने निघाले असते. दुपारी पिनोनं मूठभर उकळून पाहिले. पातळ होते ते विरघळले, जाड होते ते आत पांढरे राहिले.

"आधा सूप, आधा पत्थर," तो म्हणाला. "शालू, परसों शादी है." यावेळी तो ओरडला नाही. तो ओरडला नाही तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्याच संध्याकाळी इटलीची मंडळी पोचली. सामान हॉटेलवर टाकून सगळे सरळ जेवायलाच आले. त्यांत रोझानाची आई. सगळे तिला 'नोन्ना' म्हणायचे, म्हणजे आजी. ऐंशी वर्षांची, काळा झगा, काळे मोजे, तीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून काळंच. बाकीचे टेबलावर बसले, ही सरळ काचेच्या खोलीत. परातीतले कान पाहिले. झुबेदाभाभीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि माझा हात हातात घेतला.

मला वाटलं, बिचारी, दुखतंय का विचारणार. तिनं पट्टीची गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा. हळद पाटावर सांडली, आणि आतून निघाला माझा अंगठा. धडधाकट, गुबगुबीत, नुकता न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखा.

दारात रोझाना उभी होती.

"शालू. तू झूठ बोला?"

"बोला."

"क्यों? दूसरा होटल में काम मिला? मेरा लड़की का शादी में नहीं करना है, ऐसा बोलने का था ना!" तिचे डोळे भरले होते. सहा वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी मी फक्त कांद्यानं पाहिलं होतं. या कुटुंबात आपली जागा आता खलास, हे मला तिथंच कळलं. मग लपवायला उरलंच काय?

"मेरा आदमी मर गया ना," मी म्हटलं.

"मालूम है. मैं भी घर जाके रोया."

"हमारे में ऐसा औरत शादी का ये काम नहीं करता. बुरा होता है. लुचिया को कुछ हो गया तो?"

 रोझानाला कळलं ते मग झुबेदाभाभीलाही कळलं, आणि तीच आधी पेटली.

"म्हणून मला आणलंस होय गो? माझा घोव जिवंत म्हणून? मी आज प्रत्येक नमाजात तुझ्या अंगठ्यासाठी दुवा मागितली! फुकट गेली ना सगळी?"

"फुकट कशाला, बरा झाला की," मी म्हटलं. सवय. जीभ अंगठ्याइतकीच धडधाकट होती. झुबेदाभाभीनं तोंड फिरवलं.

रोझाना इटालियनमध्ये आईला सगळं सांगत होती. म्हातारीनं ऐकून घेतलं, मला काहीतरी विचारलं.

"पूछती है, तेरा आदमी अच्छा था?"

"अच्छा था."

"मारता था?"

"नहीं."

"पीता था?"

"सिर्फ शुक्रवार को."

म्हातारीनं मान डोलावली, जणू शुक्रवार तिलाही मंजूर होता. मग बोलली. रोझानानं सांगितलं, "बोलती है, अच्छा आदमी था तो वो लुचिया का बुरा काहे को करेगा?"

मॅट्रिक फर्स्ट क्लास.  आजवर मी शकुन-अपशकुनाचं सगळं गणित मांडलं होतं, पण त्या गणितात हे कुठेच नव्हते. लाजाळू, टेबलाखालून पाय दाबणारे, सगळ्या जगाचं भलं चिंतणारे हे. मी त्यांना अपशकुन करून ठेवलं होतं. मला रडू आलं ते लाजेचं होतं की त्यांच्या आठवणीचं, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

म्हातारी आणखी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं आता धीर देणार.

"क्या बोलती है?"

"बोलती है, बातें बहुत हो गया, आटा सूख रहा है."

नोन्नानं झुबेदाभाभीचे सगळे कान एका हातानं गोळा केले, पाणी मारून परत मळले, आणि वळी करून माझ्यापुढे सरकवली. स्वतःलाही एक घेतली. मी हळद धुतली आणि बसले. पहिलाच कान सुरेख उलटला. अंगठ्याला माझी फजिती काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिघी बसलो. नोन्ना इटालियनमध्ये बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि बहुधा दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होतो. मला सून नव्हती, पण अडलं नाही. झुबेदाभाभी दुपारपर्यंत गप्प. मग माझा ढीग तिच्याकडे घसरला तेव्हा म्हणाली, "हलव गो तुझा डोंगर. केवढा पसारा करतेस." तेव्हा मी ओळखलं, मिटलं. संध्याकाळपर्यंत तिचेही कान एकसारखे होऊ लागले होते.

शुक्रवारी सव्वाशे माणसं जेवली. रोझानानं मला काचेच्या खोलीतून ओढून नेऊन नोन्नाच्या शेजारी बसवलं आणि पहिलं ताट लुचियानं स्वतः माझ्यापुढे ठेवलं. काय खाल्लं ते आठवत नाही. दाताखाली किंचित लागत होतं, एवढं खरं.

लुचियाचं पुढं झकास झालं. आता तीच ते रेस्टॉरंट चालवते, तीन मुलं आहेत. पण खोटं कशाला बोलू, लग्नानंतर वर्षभर ती शिंकली तरी माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. म्हातारीचं बोलणं डोक्यात शिरलं होतं. पोटात उतरायला वेळ लागला.

किती वेळ, ते ऐका. दुसऱ्याच वर्षी माझ्या मेधाचं लग्न चिपळूणला झालं. गव्हल्यांचा मुहूर्त माझ्या मोठ्या नणंदेनं, आमच्या वन्संनी, ठरवला. पाच सवाष्णी पाटाभोवती बसल्या. आणि ज्या अंगठ्यावर सव्वाशे पाहुणे जेवले होते तो अंगठा पदरात गुंडाळून मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. मला कुणी हुसकलं नाही. बोलावलंही नाही. मेधानं मान वळवून मला शोधलं, आणि मी हातानं खूण केली, चालू द्या. ते गव्हले असले बेढब होते की माझी बोटं शिवशिवत होती. रात्री तिनं विचारलं, "आई, तू का नाही बसलीस?" मी म्हटलं, "मला का कामं थोडी होती?" पहिलं खोटं निदान पट्टीत बांधलेलं होतं, कुणीतरी ते उलगडलं. हे उलगडायला चिपळूणला कुणी नव्हतं, आणि माझं मला ते जमलं नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत पास्ता बिघडला असेल वीसेक वेळा. त्याचं मला काही वाटत नाही. त्या दाराचं मात्र वाटतं.

आता मेधा आणि जावई मस्कतलाच असतात आणि मी त्यांच्याकडे. नात इरा इथल्या भारतीय शाळेत शिकली, मराठी बोलताना अजून चाचपडत चालते. येत्या थंडीत तिचं लग्न आहे, चिपळूणलाच. परवा वन्संचा व्हिडिओ कॉल आला. वन्संना आता चौऱ्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. हातात यादी.

"शालू, गव्हल्यांना पाचजणी ठरवल्यात. तुला बाजूला खुर्ची टाकून देऊ हो, थकली असशील प्रवासानं."

मेधा भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. वर मात्र तिनं पाहिलं नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "पहिला गव्हला मी वळणार आहे. नातीचा आहे. त्या पाचजणींना येऊ दे, हात धुऊन बसायचं, मी शिकवीन."

पडद्यावर वन्सं अशा गोठल्या की मला वाटलं नेटच गेलं. इरा कानाशी कुजबुजली, "आजी, शी इज नॉट फ्रोझन. ती... काय म्हणतात... रागावली आहे."

"आणि तुम्हीही पाटावर बसायचं," मी पुढे म्हटलं.

"मी?" वन्सं म्हणाल्या.  मग यादी खाली ठेवली आणि आपली बोटं डोळ्यांसमोर धरून बघत राहिल्या. "माझी बोटं आता वळत नाहीत गं, शालू. सहा वर्षांत कुणी बोलावलंच नाही."

"मग नुसत्या चुका काढा. ते तुम्हाला अजून छान जमतं."

मेधा खुदकन हसली. पलीकडून वन्संनी घसा खाकरला, चष्मा लावला आणि यादीवरची पाच नावं तशीच ठेवून खाली काहीतरी लिहायला घेतलं.

"रवा बारीक आणू की जाडा?" त्यांनी विचारलं.